राजा रविवर्मा : पाहून शिकलेला कुंचला

मस्कत-रुवीच्या एखाद्या भारतीय दुकानात गेल्यावर गल्ल्याच्या वरच्या भिंतीकडे नजर टाकावी. कमळावर उभी, वरच्या दोन हातांत कमळे, मागे पाण्यात हत्ती, अशी लक्ष्मी तिथे बहुधा भेटतेच. दुकानदार कच्छी असो, मल्याळी असो की आपला कोकणातला असो, लक्ष्मीचा चेहरा मात्र एकाच घरातला वाटतो. तो चेहरा ज्यांच्या कुंचल्यातून उतरला ते राजा रविवर्मा केरळातले. आपले मल्याळी शेजारी त्यांना आपले म्हणतात, बडोदेकर आपले म्हणतात, आणि मुंबई, घाटकोपर, मळवली ही नावे ज्यांना परकी नाहीत त्या आम्हां मराठी माणसांचाही त्यांच्यावर थोडा हक्क आहेच.

परंतु आज आम्ही त्यांची आठवण काढतो आहोत ती केवळ या नात्यासाठी नव्हे. परदेशी राहणाऱ्या आपल्या कित्येक घरांत कोणी ना कोणी रंग घेऊन बसते. कधी शाळेतली मुलगी, कधी संसारातून वेळ काढणारी गृहिणी, कधी कचेरीतून दमून आलेला बाप्या. शिकवणारा जवळ नसतो. मग एखाद्या नामांकित चित्राची छापील प्रत समोर उभी करायची आणि तिच्यावरून कॅनव्हासवर माणसाचा चेहरा उतरवायचा, हाच मार्ग उरतो. आणि घरात आलेला एखादा पाहुणा म्हणतोच की ही तर नक्कल, यात तुमचे ते काय? प्रश्न वरवर साधा आहे, पण शिकणाऱ्याचा हात त्याने आखडतो. या प्रश्नाचे उत्तर रविवर्मांच्या आयुष्यात सापडते.

तैलरंगातले व्यक्तिचित्र ही मूळची युरोपातली विद्या. ती जहाजांबरोबर आपल्या समुद्रात आली आणि ओमानलाही तिचा एक जुना स्पर्श झालेला आहे. १८४० साली मस्कत आणि झांजिबारचे सुलतान सय्यद सईद यांचे ‘सुलताना’ हे जहाज न्यूयॉर्कला गेले. हे जहाज बांधले गेले होते आपल्या मुंबईत, माझगावच्या गोदीत, १८३३ साली. त्यावर सुलतानांचे प्रतिनिधी म्हणून गेलेले अहमद बिन नुमान यांचे तैलचित्र एडवर्ड मूनी या अमेरिकन चित्रकाराने काढले. ते आज अमेरिकेतील सेलम येथील संग्रहालयात आहे. ज्या काळात अरबी दर्यावर्दी अशा रीतीने कॅनव्हासवर चढत होते, त्याच सुमारास हिंदुस्थानच्या संस्थानिकांनाही आपली हुबेहूब चित्रे काढून घेण्याची हौस लागली होती. युरोपातले चित्रकार दरबारांतून फिरू लागले. मोठा मेहनताना घ्यायचा, चित्र पुरे करायचे आणि पुढच्या दरबारी जायचे, असा त्यांचा क्रम. विद्या मागे ठेवून जाण्याचे त्यांना कारण नव्हते.

अशा वेळी, २९ एप्रिल १८४८ रोजी, त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर या गावी रविवर्मांचा जन्म झाला. घराणे राजघराण्याशी सोयरीक असलेले. वडील संस्कृतचे पंडित, आई उमयांबा कवयित्री, मामा राजा राजा वर्मा हौशी चित्रकार. मामांची चित्रे तंजावरी वळणाची असत. देवदेवता, ठसठशीत रेषा, सपाट रंग. लहानगा रवी कोळशाने घराच्या भिंती रंगवी. नोकरमाणसे कुरकुरत, पण मामांनी त्या रेघोट्यांत काही वेगळे पाहिले आणि भाच्याला जवळ बसवून रेखाटन शिकवले. एकदा मामा अर्धवट चित्र सोडून उठून गेले असता भाच्याने ते पुरे करून ठेवले, अशी आख्यायिका आहे. ती शब्दशः खरी असो वा नसो, दुसऱ्याचे चित्र पाहून त्याचा हात ओळखणे आणि त्याच हाताने पुढे जाणे, हा या मुलाचा स्वभाव तिच्यात दिसतो.

१८६२ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, मामा त्याला तिरुवनंतपुरमला घेऊन गेले. महाराज आयिल्यम तिरुनाळ रसिक होते. त्यांनी मुलाला आश्रय दिला आणि राजवाड्यातील युरोपीय चित्रे व चित्रांची पुस्तके त्याला पाहावयास मिळू लागली. १८६६ साली मावेलिक्कराच्या राजघराण्यातील भगीरथी बायी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. प्रतिष्ठा होती, आश्रय होता, वेळ होता. नव्हता तो शिकवणारा.

तैलरंग हे प्रकरण तेव्हा त्या भागात नवीन होते. पाने, फुले, माती यांपासून घरी केलेल्या रंगांवर रविवर्मांचा हात बसलेला. ते रंग पाण्यात कालवायचे. लावले की लगेच वाळणारे. तैलरंगाची तऱ्हा अगदी निराळी. यातला रंग वाळतो म्हणजे त्यातले पाणी उडून जाते असे नव्हे. रंग ज्या तेलात घोटलेला असतो ते जवसाचे तेल हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून हळूहळू घट्ट होते. त्याला दिवस लागतात. त्यामुळे गालावरचा उजेड मानेच्या सावलीत अलगद मिसळता येतो, चूक झाली तर पुसता येते, पातळ थरावर दुसरा थर देऊन आतून उजळल्यासारखी कांती आणता येते. पण हे सारे कोणत्या क्रमाने करावयाचे, तेल किती, टर्पेंटाइन किती, हे कोणी दाखवल्याखेरीज उमगत नाही. खालचा थर तेलकट आणि वरचा पातळ असा उलटा क्रम झाला तर काही काळाने चित्राला भेगा पडतात.

दरबारात ही विद्या जाणणारे एक चित्रकार होते, रामस्वामी नायकर. ते मदुरेकडचे. रविवर्मांनी त्यांच्याकडे शिकवण्याची विनंती केली आणि त्यांनी ती साफ नाकारली. या तरुणात त्यांना उद्याचा प्रतिस्पर्धी दिसला असावा. नायकरांच्या हाताखाली आरुमुगम पिळ्ळै नावाचा शिष्य होता. चरित्रकार सांगतात की हा पिळ्ळै गुरूच्या नकळत रात्री रविवर्मांकडे येई आणि जे काही स्वतः शिकला होता ते त्यांना दाखवी. आपल्याकडे घराण्याची चीज बाहेर जाऊ नये म्हणून जपणारे गवई जसे होते, तसाच हा प्रकार. नायकरांचे नाव आज लोक घेतात ते याच एका नकाराच्या निमित्ताने, हा दैवाचा खेळ म्हणावा.

१८६८ साली थिओडोर जेन्सन नावाचा युरोपीय चित्रकार महाराजांचे चित्र काढण्यासाठी त्रावणकोरला आला. रविवर्मांना शिकवावे असे त्याला सुचवण्यात आले. तोही तयार झाला नाही. फार आग्रह झाल्यावर त्याने एवढेच मान्य केले की आपण काम करीत असता या तरुणाने पाहत बसावे. बस्स, एवढेच! ना समजावून सांगणे, ना हात धरून गिरवून घेणे. तरुण वीस वर्षांचा. तो पाहत बसला.

या पाहण्याचा आपण नीट विचार केला पाहिजे, कारण रविवर्मांची सारी शाळा त्यातच होती. जेन्सन कोणता रंग पॅलेटवर कुठे मांडतो, कॅनव्हासवर आधी काय उतरवतो, चेहऱ्याच्या छायेचा भाग एकसंध ठेवून मग उजेडाकडे कसा येतो, वस्त्राची चमक शेवटच्या किती थोड्या फटकाऱ्यांत साधतो, हे सारे डोळ्यांनी टिपायचे आणि आपल्या जागी जाऊन हाताने करून पाहायचे. समोरच्या माणसाच्या कामाची मनातल्या मनात प्रत काढायची आणि नंतर ती कॅनव्हासवर पडताळायची. राजवाड्यात युरोपीय चित्रे होतीच. एक प्रश्न पडला की त्याचे उत्तर भिंतीवर शोधायचे. चरित्रकार असे सांगतात की जेन्सन गेल्यावर रविवर्मांनी महाराज आणि त्यांच्या पत्नी यांचे चित्र स्वतः रंगवले आणि महाराजांना ते पाहुण्याच्या कामापेक्षा अधिक पसंत पडले. विषय तोच, आसामी त्याच, रीतही तीच. पण आता कुंचला येथल्या माणसाच्या हाती होता.

त्याच काळात मुंबईत काय चालले होते पाहा. १८५७ साली निघालेल्या जे. जे. कलाशाळेत प्रतिकृती करून शिकणे हा शिक्षणाचा उघड भाग होता. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जाऊ लागले आणि लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रती करण्याचे काम पुढे बारा-तेरा वर्षे चालले. त्यातून तयार झालेले पेस्तनजी बोमनजी पुढे तैलरंगातले नावाजलेले व्यक्तिचित्रकार झाले. त्या प्रतींपैकी बऱ्याचशा १८८५ साली लंडनमधील आगीत जळून गेल्या, पण करणाऱ्यांच्या बोटांत जे उतरले होते ते काही जळले नाही. मुंबईच्या मुलांना ही शाळा सरकारने उघडून दिली होती. रविवर्मांना ती दाराच्या फटीतून पाहून स्वतः उभी करावी लागली, इतकाच फरक.

आता पुढचा भाग अधिक महत्त्वाचा. पाहून शिकलेला माणूस पाहिलेलेच काढीत बसला असता, तर आज आम्ही हा लेख लिहीत नसतो. १८७० साली रविवर्मा कोल्लूरच्या मूकांबिकेच्या दर्शनाला गेले. तिथे उपासना करून परतताना कालिकतमधील एका न्यायाधिकाऱ्याच्या कुटुंबाचे चित्र त्यांनी मोबदला घेऊन रंगवले. व्यवसाय म्हणून केलेले हे त्यांचे पहिले काम मानतात. राजघराण्याशी नाते असलेल्या माणसाने पैसे घेऊन चित्र काढावे, ही त्या काळी मान खाली घालण्याची गोष्ट होती. रविवर्मांनी ती संकोच न करता केली.

आणि १८७३ साली मद्रासच्या प्रदर्शनात त्यांनी पाठवले ते केसांत फुलांची माळ घालणाऱ्या नायर स्त्रीचे चित्र. जेन्सनच्या चित्रांत अशी स्त्री नव्हती. राजवाड्यातल्या विलायती पुस्तकांत नव्हती. तंत्र परदेशचे, पण हातातली माळ, अंगावरचे पांढरे वस्त्र, सावळ्या त्वचेवर पडलेला उजेड हे सारे घरचे. सावळी त्वचा ही तर विलायती चित्रांवरून शिकणाऱ्याची खरी परीक्षा. तिथल्या गोऱ्या चेहऱ्यासाठी जुळवलेले रंग जसेच्या तसे लावले तर आपला माणूस एक तर गुलाबी दिसतो नाही तर मातकट. ते मिश्रण प्रत्यक्ष माणसे समोर बसवून रविवर्मांना स्वतः शोधावे लागले. त्या चित्राला मद्रासच्या गव्हर्नरांचे सुवर्णपदक मिळाले आणि त्याच वर्षी व्हिएन्नाच्या प्रदर्शनातही ते गौरवले गेले. तीन वर्षांनी शकुंतलेच्या पत्रलेखनाचे चित्र आले आणि ते मद्रासचे गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांनी घेतले.

येथून पुढे या कथेत मराठी माणसे येऊ लागतात. त्रावणकोरचे दिवाण राहिलेले सर टी. माधवराव हे कुंभकोणमचे, तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. ते पुढे इंदूरला आणि मग बडोद्याला दिवाण झाले. रविवर्मांचे काम त्यांना ठाऊक होते. सयाजीराव गायकवाड यांच्या हाती १८८१ च्या अखेरीस राज्यकारभार आला, त्या प्रसंगी रविवर्मा आणि त्यांचे धाकटे बंधू सी. राजा राजा वर्मा बडोद्यास आले आणि काही महिने तिथे राहून राजघराण्यातील व्यक्तींची चित्रे त्यांनी केली. इकडे त्रावणकोरात महाराज बदलले होते आणि नव्या दरबाराशी रविवर्मांचे फारसे जमले नाही. बडोद्याने त्यांना मोठे मैदान दिले.

१८८८ साली सयाजीरावांनी रामायण-महाभारतातील चौदा चित्रांचे काम त्यांना सांगितले. मोबदला ५०,००० रुपये. मेहनत घेणाऱ्याचा स्वभाव कसा असतो पाहा. काम हाती येताच कुंचला न उचलता दोघे भाऊ देश फिरायला निघाले. नल-दमयंतीच्या, शंतनूच्या, सुभद्रेच्या काळी लोक काय नेसत, सबंध भारताला आपला वाटेल असा पोशाख कोणता, याचा शोध त्यांना घ्यायचा होता. असा एकच पोशाख कुठे सापडणार? शेवटी निरनिराळ्या प्रांतांत पाहिलेल्या गोष्टींतून त्यांनी स्वतःची निवड केली. त्यांच्या पुराणकथांतील स्त्रिया अनेकदा आपल्याकडच्या सारखी साडी नेसलेल्या दिसतात, हे मराठी डोळ्याला चटकन जाणवते. चित्रे १८९० साली पुरी झाली आणि ती पाहायला लोकांची रीघ लागली. ज्यांनी देव फक्त गाभाऱ्यात नाही तर पोथीत पाहिले होते, त्यांना ते रक्तामांसाचे होऊन समोर उभे दिसले. त्यांतली बरीच चित्रे आज बडोद्याच्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात आहेत.

१८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात रविवर्मांची दहा चित्रे गेली आणि तिथेही त्यांचा गौरव झाला. परंतु चित्र दरबारात टांगले की ते मोजक्या माणसांचेच होते. उत्तम चित्रांच्या छापील प्रती काढाव्यात म्हणजे ती घरोघर जातील, अशी सूचना माधवरावांनी पूर्वीच केली होती. १८९४ साली मुंबईत रविवर्मांचा शिळाछापखाना निघाला. जर्मन यंत्रे आणि जर्मन कारागीर आणले गेले. घाटकोपरला काम चाले. पुढे प्लेगच्या धामधुमीनंतर छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. या छपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागतो. मूळ तैलचित्र पाहून कारागिराने ते रंगारंगांत फोडून प्रत्येक दगडावर उलटे काढायचे, आणि मग एकावर एक रंग छापत सबंध चित्र उठवायचे. म्हणजे पाहा, दुसऱ्याचे काम पाहून शिकलेल्या या माणसाचे चित्र घरोघर पोहोचले तेही दुसऱ्या कोणी तरी बारकाईने पाहून केलेल्या प्रतीच्या जोरावर!

धंदा म्हणून छापखाना रविवर्मांना लाभला नाही. कर्ज वाढले आणि काही वर्षांत तो फ्रिट्झ श्लाइशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. पण चित्रे थांबली नाहीत. लक्ष्मी, सरस्वती, राम, कृष्ण गरिबाच्या झोपडीत गेले. ज्यांना देवळाच्या पायरीपाशीच अडवले जाई, त्यांच्याही भिंतीवर देव आला, ही गोष्ट लहान नव्हे. दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटाकडे वळण्यापूर्वी या छापखान्याचे काम केले होते, आणि त्यांच्या पौराणिक चित्रपटांतील देवदेवतांच्या रूपावर रविवर्मांच्या चित्रांची छाप अनेकांनी ओळखली आहे. मळवलीचा छापखाना १९७२ साली आगीत सापडला.

या यशाबरोबर टीकाही आली. ती टाळून पुढे जाणे बरे नव्हे. हॅवेल, आनंद कुमारस्वामी आणि बंगालमधील नव्या चित्रपंथाचे पुरस्कर्ते यांनी रविवर्मांवर कडक ताशेरे ओढले. हे चित्र विलायती, देव नाटकातल्या नटांसारखे, यात भारतीय आत्मा नाही, असा त्यांचा एकूण सूर. म्हणजे तोच आपल्या पाहुण्याचा प्रश्न, फक्त विद्वानांच्या तोंडून. यात तथ्याचा अंश मुळीच नाही असे आम्ही म्हणणार नाही. रविवर्मांच्या काही पौराणिक चित्रांत रंगभूमीचा थाट दिसतो खरा. आणि छापील प्रतींच्या गर्दीत पुढे जे सैल, गोड, एकसारखे चेहरे निघाले त्यांनी मूळ चित्रांचीही बदनामी केली. पण आपल्या मुलीला नि तिच्या कडेवरच्या बाळाला समोर ठेवून त्यांनी १८९३ साली केलेले चित्र पाहावे. दूरवरून येणाऱ्या बापाकडे बाळाचे लक्ष वेधणारी ती तरुण आई काही नक्कल करून सापडत नाही. टीका झाली तशी फेरतपासणीही झाली. १९९३ साली दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात त्यांच्या मूळ चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले आणि छापील चित्रांवरून मत बनवलेल्या अनेकांना खऱ्या कॅनव्हासची ओळख झाली.

घरच्या आघाडीवर रविवर्मांना फार मोठा आधार होता तो धाकट्या भावाचा. राजा राजा वर्मा स्वतः कसलेले चित्रकार. निसर्गचित्रांत त्यांचा हात विशेष. प्रवास, हिशेब, पत्रव्यवहार आणि कित्येक चित्रांतली पार्श्वभूमी त्यांनी सांभाळली. बहीण मंगला बायी याही चित्रकार. १९०४ साली रविवर्मांना कैसर-ए-हिंद पदक मिळाले आणि त्या वेळच्या सरकारी उल्लेखापासून राजा हा शब्द त्यांच्या नावाला कायमचा चिकटला. वस्तुतः ते कोणत्याही राज्याचे राजे नव्हते. १९०५ च्या प्रारंभी भाऊ गेला आणि रविवर्मा खचले. मधुमेहाने ते पोखरले गेले होतेच. २ ऑक्टोबर १९०६ रोजी किळिमानूरला, ज्या घराच्या भिंती त्यांनी कोळशाने रंगवल्या होत्या तिथेच, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या चरित्रातली एक बारीकशी गोष्ट आम्हांला फार बोलकी वाटते. त्यांचे चिरंजीव रामवर्मा हेही चित्रकार झाले, आणि ते शिकले मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत. पाहून शिकणे कसे असते हे रविवर्मांइतके कोणाला ठाऊक होते? तरीही त्यांच्या मुलाच्या वाट्याला रीतसर शाळा आली. गुरूवाचून शिकणे ही त्यांची अडचण होती. ती त्यांनी निभावली, पण तिचे व्रत करून पुढच्या पिढीवर लादले नाही.

आता आपल्या घरातल्या त्या शिकणाऱ्याकडे वळू. प्रत करणे ही लबाडी नव्हे. तो अभ्यास आहे, आणि ज्याला गुरू मिळत नाही त्याच्यासाठी तो उघडा दरवाजा आहे. समोरचे चित्र हलत नाही, कंटाळत नाही, त्यावरचा उजेड बदलत नाही. एका जाणत्या माणसाने घेतलेले शेकडो निर्णय त्यात स्थिर होऊन बसलेले असतात. कॅनव्हासवर घरे पाडून रेखाटन करावे. पहिला थर टर्पेंटाइनने पातळ केलेल्या एकाच तपकिरी रंगात द्यावा आणि उजेड-सावलीचे मोठे भाग आधी ठरवून घ्यावेत. तो नीट वाळू द्यावा, मग रंगाचे थर. तेलाचे प्रमाण वरच्या थरांत वाढते राहावे. डोळे, ओठ, दागिने यांची घाई करू नये. नवखा माणूस पापण्यांपासून सुरुवात करतो आणि कवटी विसरतो.

मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. प्रत केली तर मूळ चित्रकाराचे नाव आपल्या नावाआधी लिहावे. आणि एकेक चित्र पुरे झाले की घरातल्याच कोणाला तरी खिडकीपाशी बसवावे व त्याच रीतीने त्याचे चित्र काढावे. आजी असेल तर फारच उत्तम. आजीला घाई नसते. आजी हलेल, बोलेल, उजेड सरकेल, आणि छापील चित्राने जे शिकवले नव्हते ते तेव्हा कळू लागेल. रविवर्मा जेन्सनकडून निघून नायर स्त्रीपर्यंत पोहोचले ते याच पायरीवरून.

छापील प्रतीची मर्यादाही ओळखून असावे. तिच्यात रंग दिसतो, पण थर दिसत नाहीत. रविवर्मांची चित्रे राष्ट्रीय ठेवा म्हणून १९७९ साली भारत सरकारने संरक्षित केली आणि ती देशाबाहेर विकून नेण्यास बंदी झाली. तेव्हा ती पाहायला आपणच गेले पाहिजे. सुट्टीवर गावी गेल्यावर लग्नकार्यांतून एक दिवस काढावा. केरळच्या बाजूला जाणे झाले तर तिरुवनंतपुरमचे कलादालन, म्हैसूरला जगनमोहन राजवाडा, गुजरातेत बडोदे आहेच. जगनमोहन राजवाड्यात हाताने दिव्याची ज्योत झाकणाऱ्या स्त्रीचे प्रसिद्ध चित्रही पाहावे. पुष्कळ लोक ते रविवर्मांचेच समजतात; ते आहे सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचे, आणि तेही तैलरंगात नाही, जलरंगात.

साताऱ्याकडचे असाल तर औंधला जावे. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. १९३८ साली उघडलेल्या त्यांच्या संग्रहालयात रविवर्मांचे मूळ काम आहे, आणि त्याबरोबरच युरोपातील थोर कलाकृतींच्या प्रतीही मुद्दाम करवून ठेवलेल्या आहेत. ज्याला रोम-पॅरिस गाठणे शक्य नाही त्याने निदान प्रत पाहून शिकावे, हा त्यामागचा हेतू स्पष्ट आहे. एका संस्थानिकाला प्रतींसाठी दालन बांधावेसे वाटले, तर आपल्या घरातल्या मुलीने समोर चित्र ठेवून कुंचला उचलला म्हणून तिला हसण्याचे कारण नाही. तिला चांगले कॅनव्हास आणून द्यावे, आणि आजीला खिडकीपाशी खुर्ची.